वडिलांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता गोळी बंद केली तर चालेल का?

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. वडील ५८ वर्षांचे, बीपी आहे, एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १६८ निघालं म्हणून डॉक्टरांनी अटोर्वास्टॅटिन २० चालू केली, तीन महिन्यांनी तेच ९६ आलं, आणि आता वडील म्हणतायत की झालं ना नॉर्मल, मग कशाला रोज खायची. त्यात कुणीतरी फॉरवर्ड पाठवलाय की या गोळीने शुगर होते, पाय दुखतात आणि लिव्हर जातं. शिवाय अंडं चालेल का, असंही शेवटी विचारलंय.

मी फार्मासिस्ट आहे, सातारा जिल्ह्यात आमचं मेडिकल आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस कमीजास्त करायचं त्यांच्याशीच बोला. पण हे सगळे प्रश्न काउंटरवर आठवड्याला येतातच, तर जे माहितीये ते लिहिते.

नाही, मनाने बंद करू नका. ते ९६ गोळीमुळे आलंय. बंद केली की काही आठवड्यांत आकडा परत जुन्या जागी जातो, कारण ही गोळी काही अँटिबायोटिकसारखी कोर्स संपवून आजार बरा करणारी नाही. आपल्या अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल लिव्हर स्वतःच बनवतं, त्या कामाचं एक एन्झाइम आहे ते ही गोळी अडवते, मग लिव्हरला माल कमी पडायला लागला की ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं, म्हणून रिपोर्टमध्ये कमी दिसतं. अडवणं थांबलं की लिव्हर लगेच पूर्वीच्या कामाला लागतं, इतकंच.

आणि खरं सांगायचं तर गोळी त्या आकड्यासाठी नसतेच, ती असते हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या धोक्यासाठी. लॅबच्या कागदावर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती सगळ्यांना एकच असते, पण कुणाचं एलडीएल किती हवं हे माणसागणिक बदलतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात कमी आणि मध्यम धोक्याच्या माणसाला १०० च्या खाली, जास्त धोका असेल तर ७० च्या खाली आणि खूप जास्त असेल, म्हणजे अटॅक येऊन गेलाय वगैरे, तर ५५ च्या खाली असं आहे. तुमचे वडील कुठल्या गटात ते डॉक्टर ठरवतील, बीपी आहे, तंबाखू सिगरेट आहे का, शुगर आहे का, घरात कुणाला लवकर अटॅक आलाय का हे सगळं बघून. तेव्हा ९६ बघून कुणासाठी पेढे वाटायचे आणि कुणासाठी डोस वाढवायचा. आपल्याकडे हे जरा जास्तच मनावर घ्यायला हवं, कारण २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास आलेला दिसला, बाकीच्या देशांत ५८-५९.

गोळी खरंच वाचवते का, की नुसता कंपन्यांचा धंदा, हेही लोक विचारतात. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियात हार्टच्या ४४४४ पेशंटवर मोठी चाचणी झाली, अर्ध्यांना सिमव्हास्टॅटिन (अटोर्वास्टॅटिनच्याच घराण्यातली गोळी, या सगळ्यांना स्टॅटिन म्हणतात), अर्ध्यांना नुसती खोटी, म्हणजे आत औषध नसलेली गोळी. पाचेक वर्षांनी खोटीवाल्या गटात २५६ माणसं गेली होती, औषधाच्या गटात १८२. त्यानंतर बरेच अभ्यास झाले पण मला हाच पुरेसा वाटतो. (आणि या घराण्यातलं पहिलं औषध मुळात सापडलं कुठे तर बुरशीत, जपानमधल्या अकिरा एंडो या माणसाने १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासून शोधलं. "केमिकल आहे, नैसर्गिक काहीतरी द्या" म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, उपयोग शून्य.)

आता पाय दुखण्याचं. स्नायू दुखू शकतात हे खरं आहे, पण दुखणारे सगळे पाय गोळीमुळे दुखत नाहीत. लंडनमध्ये सॅमसन नावाचा एक भारी अभ्यास झाला, त्यात असे ६० लोक घेतले ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली होती, आणि त्यांना वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला! म्हणजे लोक खोटं बोलत होते असं नाही हं, दुखणं खरंच होत होतं, फक्त ते गोळी खाण्याच्या धास्तीतून येत होतं. त्यामुळे फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांचाही यात थोडा हात आहे असं म्हणायला हरकत नाही. तरी दुखत असेल तर गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. ते सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) बघतील, थायरॉइड बघतील, कारण थायरॉइड कमी असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि अंगही दुखतं आणि बिचारी गोळी बदनाम होते. डोस कमी करता येतो, दुसरी स्टॅटिन देता येते, एझेटिमाइब म्हणून वेगळी गोळी जोडता येते. मात्र दोन्ही मांड्या किंवा खांदे एकदम खूप दुखायला लागले, ताकदच गेल्यासारखी वाटली आणि लघवी काळपट चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हे फार क्वचित होतं पण झालं तर किडनीवर जातं.

शुगरचं फॉरवर्ड अर्धं खरं आहे. थोडी वाढते, मुख्यतः ज्यांची आधीच काठावर असते त्यांची. २०१० मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून हिशोब काढला होता, २५५ लोकांनी चार वर्षं गोळी खाल्ली तर त्यातल्या एकाला जास्तीचा डायबेटिस, आणि तेवढ्याच लोकांत अटॅक वगैरे टळतात ते पाचेक. म्हणून शुगर असलेल्यांनाही डॉक्टर ही गोळी मुद्दाम देतात. वडिलांची एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) वर्षातून एकदा करत जा म्हणजे झालं.

लिव्हरचं फार मनावर घेऊ नका. सुरुवातीला एसजीपीटी (लिव्हरची रक्ताची तपासणी) बघतात, थोडं वाढलं तरी सहसा चालतं, नॉर्मलच्या तिपटीच्या वर गेलं तर विचार करतात. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तर २०१२ मध्येच सांगितलं की त्रास नसेल तर सारखी सारखी लिव्हरची तपासणी करत बसायची गरज नाही.

रात्रीच घ्यायची का? सिमव्हास्टॅटिन असेल तर रात्री, अटोर्वास्टॅटिन आणि रोझुवास्टॅटिन अंगात बराच वेळ टिकतात, त्या कधीही चालतात, जी वेळ लक्षात राहील ती.

आता जे कुणी विचारत नाही पण मला सगळ्यात जास्त दिसतं ते. आपल्याकडे अटोर्वा आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र असलेल्या कॅप्सूल प्रचंड चालतात, काहींत क्लोपिडोग्रेलही असतं. पेशंट अ‍ॅडमिट होतो, डिस्चार्जच्या कागदावर अशी कॅप्सूल लिहून येते, आणि घरी जुनी अटोर्वाची स्ट्रिप चालूच असते, नाव वेगळं रंग वेगळा म्हणून दोन्ही पोटात जातात. किंवा उलटं, शेजाऱ्याची बघून "हीच कोलेस्टेरॉलची" म्हणून कॅप्सूल मागतात, त्यात रक्त पातळ करणारं औषध आहे याचा पत्ताच नसतो, मग दात काढायला गेलं की रक्त थांबत नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात आत काय काय आहे ते लिहिलेलं असतं, चष्मा लावून एकदा वाचा, नाहीतर घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून मेडिकलवाल्यापुढे ओता, तो वेगळ्या करून देईल.

दुसरं म्हणजे नायट्याची गोळी. इट्राकोनॅझोल हल्ली लोक सर्रास महिना महिना खातात, आणि ती अटोर्वा किंवा सिमव्हाबरोबर घेतली की स्टॅटिनचं अंगातलं प्रमाण बरंच वाढतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. त्वचेच्या डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे सांगायचं. ग्रेपफ्रूट टाळा म्हणतात, ते आपल्याकडे कोण खातंय, पण पपनस त्याच घराण्यातलं, तेव्हा दोनचार फोडी ठीक, रोज आख्खं नको.

लसूण, दालचिनी, हळद यांचंही बघून झालंय. २०२२ मध्ये अमेरिकेत या तिन्हींच्या गोळ्या आणि आणखी तीन सप्लिमेंट रोझुवास्टॅटिन ५ शी लावून बघितल्या, महिनाभरात रोझुवाने एलडीएल ३८ टक्क्यांच्या आसपास उतरवलं आणि बाकी एकही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. लसूण ठेच्यात घाला, छानच लागतो.

पथ्य सोडायचं नाही हे वेगळं सांगायला नको, चालणं, तंबाखू बंद, फरसाण खारी वनस्पती तूप कमी. पण १६८ वरून ९६ नुसत्या पथ्याने क्वचितच येतं, तेव्हा वडिलांना "मी चालून कमी करतो" म्हणायचं असेल तर म्हणू दे, गोळी खाऊन चालू दे.

अंड्याचं तुम्ही शेवटी विचारलंय, दिवसाला एक बहुतेकांना चालतं, डालड्यात तळलेलं नको. आणि एखाद्या रात्री गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन खायच्या नाहीत, नेहमीची एकच.