एक पावसाळा काढेल असं पाकीट

प्रिय बेटा,

तुझ्या तिन्ही पाकिटांचे फोटो मोठे करून पाहिले. टाके एका रेषेत आलेत, हे आधी सांगतो, कारण एवढ्या लवकर ते सहसा जमत नाही. काळ्या पाकिटाचा रंग मात्र आतल्या कप्प्यावर उतरलाय आणि निळ्याच्या कडा फुलल्यात. तू विचारलंयस की पुढची हत्यारं कोणती घेऊ, रंग कुठला वापरू आणि विकायला सुरुवात करू का. तिन्हींसाठी माझी कसोटी एकच आहे: ही वस्तू कुणाच्या तरी खिशात नाशिकचा एक पावसाळा काढेल का? जून ते सप्टेंबर, स्कूटरवर, रेनकोटच्या आत, घामानं आणि पाण्यानं भिजत-सुकत.

चामड्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, पण निम्मं काम तिथेच ठरतं. बाजारात जे मऊ, रंगीत, सरसकट मिळतं ते बहुतेक क्रोमचं असतं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं. झाडाच्या सालीतल्या, फळांतल्या टॅनिनमध्ये कमावलेलं ते व्हेज टॅन. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, तेव्हा हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. ओळखायला कापलेली कड बघ. क्रोमची कड बऱ्याचदा आतून निळसर राखाडी असते, व्हेज टॅनची फिकट तपकिरी. न रंगवलेल्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच आत जातो आणि तेवढी जागा गडद होते. कड पाण्यानं घासून गुळगुळीत करायची, ठसा उमटवायचा, घरी रंग द्यायचा, तर व्हेज टॅनच हवं. क्रोमची कड कितीही घासली तरी बसत नाही. ती दुमडावी लागते नाहीतर तिला एज पेंट, म्हणजे कडेला लावायचा जाड रंग, द्यावा लागतो. तुझ्या निळ्या पाकिटात मेहनत कमी पडलेली नाही. ते चामडंच क्रोमचं आहे.

एकदा स्वतः जाऊन चामडं हातात घेऊन बघ. सकाळी पंचवटी एक्सप्रेसनं दादर, तिथून धारावी. तिथे क्रोमचा माल जास्त, त्यामुळे दुकानात शिरताच व्हेज टॅन आहे का ते विचार, आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांग. पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला 1.2 ते 1.5 मिमी, आतल्या कप्प्यांना 0.8 ते 1 मिमी, पट्ट्याला साडेतीन मिमीच्या आसपास. भाव स्क्वेअर फुटावर असतो, पण कातड्याचा प्रत्येक फूट सारखा नसतो. पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल आणि ताणला जाणारा. पट्टा पोटाकडून कापलास तर दोन महिन्यांत भोकं लांबट होतात. पोटाचा भाग फेकायचा नाही, रंगाची चाचणी आणि टाक्यांचा सराव त्यावरच कर.

बिल मागून घे आणि जपून ठेव. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. इथल्या बाजारात म्हशीचं आणि बकरीचं चामडं मुख्य. गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हे कशाचं?" जे असेल ते सरळ सांगता आलं पाहिजे. घोरपडीचं किंवा सापाचं कातडं कुणी कितीही स्वस्तात पुढे केलं तरी हात लावू नकोस. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली तो गुन्हा आहे.

आता हत्यारं. ऑनलाईन मिळणारे पन्नास नगांचे संच घेऊ नकोस. तुला लागतं ते एवढंच: चांगला कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, 4 मिमी अंतराची टाक्याची भोकं पाडायची छिन्नी (सहा दाती आणि वळणासाठी दोन दाती), एक आरी (भोक मोकळं करायची टोकदार सळई), बोथट टोकाच्या दोन सुया, कड मारायचा बेव्हलर, छिन्नीवर मारायला नायलॉनची किंवा लाकडी मोगरी आणि एक रापी, म्हणजे चामडं तासायची पाती. लोखंडी हातोडी छिन्नीवर मारायची नाही, छिन्नीचं डोकं फुटतं. तुझ्या कोपऱ्यांवरचे टाके ओढल्यासारखे दिसतात कारण तू तिथेही सहा दातीच वापरलीस. वळणावर दोन दाती घे आणि प्रत्येक वेळी एक दात आधीच्या भोकात ठेवून पुढे सरक.

पैसे वाचवून काही घ्यायचं तर धारेचा दगड घे. बोथट रापी चामडं कापत नाही, ढकलते, आणि ढकललेली कड पुढे कितीही घासली तरी सुधारत नाही. 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाण्याचा बारीकपणा) दगड पाण्यात भिजव. रापीचा उतार दगडावर पूर्ण टेकला पाहिजे. बोटांनी दाबून धर आणि पूर्ण लांबीवर सावकाश ओढ. मागच्या बाजूनं बोट आडवं फिरवल्यावर बारीक खरखर लागेपर्यंत घासत राहायचं. मग दुसरी बाजू, हलक्या हातानं. शेवटी फळीवर चिकटवलेल्या चामड्याच्या पट्टीला धार चकचकीत करायचं हिरवं पॉलिश चोळ आणि रापी तिच्यावर मागे ओढ, वीस-पंचवीस वेळा. पुढे ढकललीस तर पट्टी कापली जाईल. धार आली की नाही ते तुकड्याची कड तासून बघ. साल पातळ आणि सलग निघाली की झालं. तुटक चुरा पडला तर परत दगड. काम करताना मध्ये मध्ये पट्टीवर चार हात मारत राहा, म्हणजे दगडापर्यंत जायची वेळ क्वचित येते.

ही धार कशासाठी, तर जिथे तीन-चार थर एकत्र येतात तिथली कड तासून निम्मी करण्यासाठी. तुझ्या पाकिटांचे कोपरे जाड आहेत. खिशात घासून सगळ्यात आधी तिथलाच टाका तुटेल.

टाका दोन सुयांचाच घाल. मशीनच्या शिवणीत दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की पुढची शिवण सुटत जाते. दोन सुयांच्या टाक्यात एकच दोरा प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जातो, एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. दोरा शिवणीच्या चौपट लांब घे, मेण लावलेला पॉलिस्टर, 4 मिमीच्या टाक्याला 0.8 मिमी जाडीचा. आधी डावी सुई की उजवी, हा क्रम एकदा ठरला की शेवटपर्यंत बदलायचा नाही. टाक्यांचा तिरपेपणा त्यावर ठरतो. शेवटी तीन टाके मागे ये, दोरा कापून टोक लायटरनं वितळव. चिकटवायला बुटांना लावतात तो रबराचा गोंद. दोन्ही बाजूंना पातळ लाव, दहा-पंधरा मिनिटं वाळू दे, बोटाला चिकटेनासा झाला की दाबून बसव. त्याचा वास डोक्यात जातो. खिडकी उघडी ठेवून काम कर, फ्लॅटच्या बंद बाल्कनीत करू नकोस.

एक गोष्ट मनापासून सांगतो. तुझ्या कॉलनीच्या कोपऱ्यावर चपला शिवणारे जे मामा बसतात, त्यांच्याकडे जाऊन बस. आरी कशी धरायची, दोरा किती ओढायचा, हे व्हिडिओपेक्षा त्यांच्या हातात जास्त दिसेल. त्यांचा वेळ घेशील त्याचे पैसे दे, त्यांनी नको म्हटलं तरी दे. ह्याच गावात 1930 साली काळाराम मंदिराच्या दारासाठी सत्याग्रह करावा लागला. कातड्याचं काम करणाऱ्यांच्या पिढ्यांना गावानं हाताच्या अंतरावर ठेवलं, आणि आज आपण तेच काम छंद म्हणून हौसेनं करतो. जे शिकलीस ते कुणाकडून शिकलीस, हे विकताना गिऱ्हाइकाला सांग. त्यांच्याकडून काही शिवून घेतलंस तर ते "माझ्या हातचं" म्हणून विकू नकोस.

रंगाकडे येतो. काळ्या पाकिटाचा रंग उतरतोय कारण जास्तीचा रंग वर नुसता बसलाय. गडद रंगात हे नेहमी होतं. व्हेज टॅन आधी ओल्या स्पंजनं हलकं दमट कर, म्हणजे रंग सारखा पसरतो. स्पिरिटचा रंग पातळ करून गोल गोल हात फिरवत दोन-तीन वेळा दे. एकाच जाड हातानं पट्टे राहतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर स्पिरिट लावता लावता उडून जातं, त्या दिवसांत सकाळी लवकर रंगव. रात्रभर सुकू दे. मग सुती फडक्यानं घास, फडकं स्वच्छ निघेपर्यंत घास, त्यात अर्धा तास गेला तरी चालेल. त्यानंतर तेलाचा अगदी हलका हात, एक दिवस थांबून अॅक्रिलिक फिनिश, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. शेवटी ओलं पांढरं फडकं वीस वेळा दाबून फिरव. फडक्यावर रंग आला तर ते पाकीट कुणाच्या पांढऱ्या पँटच्या खिशात जाता कामा नये. आतल्या कप्प्यांना गडद रंग देऊच नकोस, नैसर्गिक रंगच ठेव.

काळ्यासाठी मला दुसरी पद्धत जास्त आवडते. बारीक स्टील वूल साबणानं धुऊन त्याचं तेल काढ, काचेच्या बरणीत टाकून वर पांढरं व्हिनेगर ओत. झाकण सैल ठेव, आत वायू तयार होतो. आठ-दहा दिवसांनी गाळून घे. हे पाणी व्हेज टॅनवर ब्रशनं फिरवलं की चामडं आधी राखाडी आणि काही मिनिटांत काळं होतं. लोखंड आणि चामड्यातलं टॅनिन यांच्यात रंग तयार होतो, त्यामुळे तो चामड्याच्या आत असतो आणि वरच्यासारखा घासून निघत नाही. काळा कमी आला तर आधी हिरड्याच्या काढ्याचा हात दे. हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून काढ, नाहीतर व्हिनेगरची आम्लता चामड्यात राहते. शेवटी तेल. क्रोमच्या चामड्यावर हे चालणार नाही.

हळदीचा पिवळा सुंदर येतो, पण उन्हात उडतो. विकायच्या वस्तूला देऊ नकोस.

पावसाळ्यात रंगकाम कमी कर. जुलैत तुकडा दोन-दोन दिवस ओलसर राहतो आणि पांढरी बुरशी धरते. घाईनं ड्रायर लावलास तर चामडं कडक होऊन भेगाळतं. साठवलेलं चामडं प्लास्टिकमध्ये गुंडाळू नकोस, जुन्या सुती साडीत ठेव आणि पंधरा दिवसांनी एकदा वारा दाखव.

पाकिटाची मापं परदेशी नमुन्यावरून उचलू नकोस. आपली 500 ची नोट 66 × 150 मिमी आहे, पण जुनी 100 ची नोट 73 मिमी उंच आहे आणि अजून चालते. आतली उंची 66 वर बेतलीस तर ती नोट डोकं वर काढेल. एटीएम कार्ड जवळजवळ 86 × 54 मिमी. शिवणीची जागा सोडून कप्प्यात थोडी मोकळीक ठेव, चामडं नंतर सैलावतं म्हणून अगदी ढिलाही करू नकोस.

विक्रीचं म्हणशील तर अजून थांब. एकच नमुना निवड आणि तोच परत परत कर, हात न थांबता चालेपर्यंत. मग किंमत काढ. समजा चामडं 300, दोरा-गोंद-रंग 60, पॅकिंग 40. पाच तास लागले, तासाला 120 धर, ते 600. झाले हजार. वाया गेलेलं चामडं, छिन्नीची झीज वगैरेसाठी 200. म्हणजे 1200. आता कॉलेज रोडवरच्या एखाद्या दुकानानं ठेवायला घेतलं आणि 30 टक्के मागितले, तर बरेच जण 1200 वर 30 टक्के चढवून 1560 लावतात. दुकान 1560 चे 30 टक्के, म्हणजे 468 कापतं, हातात 1092 उरतात. 1200 ला 0.7 नं भागायचं असतं, 1715 येतात. दुकानात 1715 आणि घरून विकताना 1200 असं करू नकोस; दुकानदाराला कळतंच आणि पुन्हा माल ठेवत नाही. तासाचा दर मात्र कापू नकोस. मैत्रिणी म्हणतील एवढं महाग कोण घेणार, म्हणू देत. तू पाचशेला विकलंस तर त्या कोपऱ्यावरच्या मामांच्या कामाचाही भाव पाडतेस.

2027 च्या सिंहस्थात पंचवटीत स्टॉल लावायचं कुणी सुचवेल. गर्दी अफाट असेल, पण देवदर्शनाला आलेले कितीतरी लोक चामड्याला शिवतही नाहीत, पट्टासुद्धा बाहेर काढून ठेवतात. तो पैसा आणि वेळ तिथे घालू नकोस. त्यापेक्षा गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी बघायला जे मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, त्यांचा विचार कर. 750 मिलीच्या बाटलीचा घेर साधारण 24 सेंटीमीटर असतो. तेवढ्या मापाची, खांद्याला अडकवायची बाटलीची पिशवी दोन-तीन तुकड्यांत होते आणि भेट म्हणून खपते. जैन घरात भेट द्यायची म्हणून कुणी मागवलं तर ते चामड्याचं आहे हे आधी स्पष्ट सांग.

जीएसटीची धास्ती घेऊ नकोस. नुसत्या वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. मात्र परराज्यात किंवा ऑनलाईन पोर्टलवर विकायचं ठरलं की नियम बदलतात, तेव्हा आधी सीएला विचार.

पहिली दहा पाकिटं ओळखीच्यांना वीक, पूर्ण किमतीला, आणि प्रत्येकाचा नंबर वहीत लिहून ठेव. शेजारी लिही: कुठलं चामडं, कुठला दोरा, कुठला रंग, कुठली तारीख. दसऱ्याच्या सुमारास सगळ्यांना फोन कर. टाका सुटलाय का, कड फुललीय का, कपड्याला रंग लागला का, ते विचार. ज्यात काही निघेल ते परत मागव, फुकट दुरुस्त करून दे आणि काय झालं ते त्याच ओळीत लिही.

रविवारी दुपारी घरी असतो. येताना रापी घेऊन ये, दगड माझ्याकडे आहे.

तुझा,
काका