बॅप्टिस्ट मंडळी नेमके काय मानते, आणि लग्नासाठी तेथे पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का?

आपण विचारले आहे की, आपला बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला असताना, होणारी पत्नी ज्या बॅप्टिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढली तेथील पाळकसाहेब लग्नापूर्वी आपल्याला पाण्यात उतरायला सांगत आहेत. तेव्हा ही मंडळी मानते तरी काय, तिचे ध्येय आणि मूल्ये कोणती, आणि आपण काय करावे. मी परभणी जिल्ह्यातील एका लहानशा बॅप्टिस्ट मंडळीत वाढले आणि लग्न होऊन जालना जिल्ह्यातील एका जुन्या मिशनच्या घराण्यात गेले. आपला प्रश्न आमच्या घरात इतकी वर्षे चालू आहे की, त्यावर लिहिल्यावाचून मला राहवले नाही.

मुख्य गोष्ट आधी सांगते. बॅप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्मा विश्वास ठेवल्यानंतर, स्वतःच्या तोंडाने कबुली दिल्यानंतर आणि पूर्ण पाण्यात बुडवून दिला जातो. पाप म्हणजे काय, पश्चात्ताप म्हणजे काय हे ज्याला अजून कळत नाही, त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडले तर तो बाप्तिस्मा झाला असे आम्ही मानत नाही. म्हणून त्या पाळकांच्या दृष्टीने आपला बाप्तिस्मा अद्याप झालेलाच नाही. हे ऐकून आपल्या आईवडिलांना वाईट वाटेल, परंतु गोड बोलून ते झाकण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर बाप्तिस्म्याने तारण, म्हणजे पापापासून सुटका, होते असेही आम्ही मानत नाही. तारण कृपेने व विश्वासाच्या द्वारे होते, आणि बाप्तिस्मा ही त्याची चारचौघांसमोर दिलेली साक्ष असते. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, म्हणजे प्रभू येशूच्या स्मरणार्थ भाकर व पेला घेणे, हे दोनच विधी आम्ही पाळतो आणि पवित्र शास्त्रापलीकडचा कोणताही अधिकार अंतिम मानत नाही.

माझी मुलगी जन्मली तेव्हा सासरी तिच्या बाप्तिस्म्याची तयारी मला न विचारताच सुरू झाली. सासऱ्यांनी, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, लोखंडी ट्रंकेतून एक पांढरा झगा काढला. तोच घालून त्यांचा, त्यांच्या भावंडांचा आणि पुढे माझ्या पतींचा बाप्तिस्मा झाला होता. डांबराच्या गोळ्यांचा वास असलेला, गळ्याभोवती हाताने विणलेली लेस असलेला आणि घडीच्या रेषांवर पिवळा पडलेला तो झगा सासूबाईंनी रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळत घातला होता. मी अंगणात बाळाला मांडीवर घेऊन बसले होते, आणि तेथेच मी सांगितले की, या मुलीचा बाप्तिस्मा आता होणार नाही. ती मोठी होऊन स्वतः मागेल तेव्हा होईल.

अण्णा मुख्याध्यापक होते आणि शास्त्र त्यांना मुखोद्गत होते. त्यांचे म्हणणे असे की, देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराची खूण आठ दिवसांच्या मुलालाही मिळत असे. नव्या करारात सुंतेची जागा बाप्तिस्म्याने घेतली, मग आता मुलांना बाहेर ठेवणारे आपण कोण? फिलिप्पै येथील तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याच्या घरच्या सर्वांचा झाला; त्या घरात तान्ही मुले नव्हती कशावरून? मी म्हटले की, प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये तुम्ही जेथे थांबता त्याच्या मागेपुढेच लिहिले आहे की, त्या घरातील सर्वांना आधी प्रभूचे वचन सांगण्यात आले आणि नंतर देवावर विश्वास ठेवल्याचा आनंद त्या घराने केला. पाळण्यातले मूल वचन ऐकून विश्वास ठेवत नाही. प्रभूने बालकांना जवळ घेतले तेव्हा त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला; तेथे पाण्याचा उल्लेखही नाही. तेवढे आपण अवश्य करू, असे मी सुचवले.

त्यावर अण्णा शास्त्र सोडून घरावर आले. "म्हणजे माझ्या नातीला परराष्ट्रीयासारखी दाराबाहेर ठेवणार का? आणि तुझ्या हिशेबाने माझ्या आईचाही बाप्तिस्मा खोटाच की, सूनबाई," असे ते म्हणाले. आजेसासूबाईंना मी पाहिलेले नाही, पण पटकीच्या साथीत त्या शेजाऱ्यांची सेवा करीत घरोघर फिरल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. त्यांचा विश्वास खोटा होता असे मी कधी म्हटले नाही आणि म्हणणारही नाही. त्यांच्या कपाळावर लहानपणी पाणी कोणी शिंपडले याला मी महत्त्व देत नाही. त्यांनी मोठेपणी जे निवडले त्याला देते.

शेवटी पतींची नोकरी परभणीकडे असल्याने आम्ही माझ्या माहेरच्याच मंडळीत जाऊ लागलो आणि तेथे मुलीचा समर्पणविधी झाला. पाळकांनी तिला हातांवर घेऊन प्रार्थना केली, आम्ही दोघांनी तिला प्रभूच्या शिक्षणात वाढवण्याचे वचन दिले आणि साऱ्या मंडळीने उभे राहून मदतीचे वचन दिले. अण्णा आले, मागच्या सतरंजीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि जेवणाला न थांबता एसटीने परत गेले.

आज ती मुलगी महाविद्यालयात शिकते आणि तिने अजून बाप्तिस्मा मागितलेला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. स्टीलच्या ताटातून भाकरीचे तुकडे आणि उकळलेल्या काळ्या मनुकांच्या रसाचे छोटे पेले रांगेतून फिरतात. ताट तिच्याकडे आले की ती ते दोन्ही हातांनी नीट धरते, स्वतः काहीही घेत नाही आणि शेजारच्या मावशींकडे देते. माझ्या पोटात तुटते. तरीही मी तिला एका शब्दाने विचारलेले नाही, कारण आईला बरे वाटावे म्हणून पाण्यात उतरलेली मुलगी मला नको आहे. अण्णा दर नाताळला म्हणतात की, माझ्या हट्टापायी पोर ना इकडची राहिली ना तिकडची. मी म्हणते की, ती जेथे उभी आहे तेथे प्रामाणिकपणे उभी आहे, आणि आमच्या मंडळीच्या साऱ्या शिकवणीचे सार तेच आहे.

ही शिकवण काल-परवाची नव्हे. 1609 मध्ये आम्स्टरडॅम येथे जॉन स्मिथ आणि त्यांच्या सोबत्यांनी, सर्वांचा शिशुबाप्तिस्मा झालेला असतानाही, स्वतःच्या विश्वासावर नव्याने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातील टॉमस हेल्विस 1612 मध्ये लंडनला परतले आणि राजा हा मर्त्य मनुष्य आहे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता नाही, असे त्यांनी खुद्द राजाला लिहून कळवले. यहुदी असो, मुसलमान असो वा पाखंडी ठरवलेला असो, धर्माबाबत कोणालाही राजदंडाने शिक्षा होऊ नये असे ते म्हणत होते. लंडनमधील न्यूगेटच्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य हे आमचे पहिले मूल्य येथून आले आहे. राजाला जो अधिकार नाही तो आजोबांना कसा असेल, आणि पाळकांना तरी कसा असेल? आपल्याकडे तर या निर्णयाचे परिणाम कागदोपत्रीही होतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. एवढे ज्यावर अवलंबून आहे ते ज्याचे त्यानेच, समजून उमजून ठरवावे.

ध्येयाविषयी विचाराल तर मत्तय 28 मधील आज्ञा, म्हणजे सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, हेच प्रत्येक बॅप्टिस्ट मंडळीचे ध्येय असते, आणि त्यासाठी 1792 मध्ये इंग्लंडमधील केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी निघाली. तिचे मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये बंगालमध्ये उतरले. त्यांच्या हाताने पहिल्या बंगाली माणसाचा, कृष्ण पाल या सुताराचा, बाप्तिस्मा झाला तो डिसेंबर 1800 मध्ये, हुगळी नदीत. मधल्या सात वर्षांत कोणाच्याही डोक्यावर घाईने पाणी ओतून आकडा दाखवता आला असता. केरींनी तसे केले नाही, ते भाषा शिकत आणि भाषांतर करीत राहिले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात ते मराठीही शिकवत. त्यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये निघाले, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला, मोडी अक्षरांत छापलेला कोश 1810 मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी मराठी नवा करार बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. मराठी माणसाने याचा अभिमान बाळगावा असे मला वाटते, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या तेलुगू मुलखातले आहे आणि दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याच्या माणसाला ते अधिक कळेल. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळात ओंगोल येथील अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लफ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाच्या खोदाईचे कंत्राट घेऊन हजारो भुकेल्यांना काम दिले. आणि त्याच काळात बाप्तिस्मा देणे बंद ठेवले, कारण पोटासाठी कोणी पाण्यात उतरावे हे त्यांना मान्य नव्हते. मदतीचे काम संपल्यावरही लोक येतच राहिले, तेव्हा 3 जुलै 1878 रोजी गुंडलकम्मा नदीकाठी एका दिवसात 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. लोक आकडा सांगतात. मला त्याआधीचे थांबणे मोठे वाटते. आपल्या पाळकसाहेबांनी लग्नाच्या तारखेआधी बाप्तिस्मा उरकण्याची घाई करण्यापूर्वी हे आठवावे. अन्नासाठी घेतलेला बाप्तिस्मा जसा बाप्तिस्मा नव्हे, तसा वधूसाठी घेतलेलाही नव्हे. माझ्या मते असा बाप्तिस्मा देणारा पाळक, मंडळीच्या फलकावर काहीही लिहिलेले असो, बॅप्टिस्ट नाही.

मंडळीच्या कारभाराविषयी थोडक्यात सांगते. आमच्यावर बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी ख्रिस्ताच्या अधीन राहून आपला कारभार आपण पाहते. पाळकाला बोलावणे, डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, निवडणे, सभासद घेणे वा काढणे हे सारे सभासदांच्या सभेत ठरते. आमच्या सभेत शेतमजुरी करणाऱ्या, सही न येणाऱ्या बाईचे मत आणि डॉक्टरांचे मत सारखेच मोजले जाते, आणि अर्पणाचा हिशेब सर्वांसमोर वाचला जातो. सर्व विश्वासणारे याजक, म्हणजे देवापुढे पुरोहितासारखे, आहेत, ही शिकवण प्रवचनात सोपी असते. ती खरी पाळली जाते की नाही ते या सभेत दिसते. जेथे जमीन पाळकाच्या नावावर, ट्रस्टवर त्याची बायकामुले आणि हिशेब त्याच्या कपाटात असतो, तेथे वरील साऱ्या तत्त्वांना काही किंमत नाही, आणि अशा मंडळ्या मी पाहिल्या आहेत.

आता आपण काय करावे? विश्वास आपला स्वतःचा असेल आणि शास्त्र वाचून आपल्याला पटले असेल तर बाप्तिस्मा अवश्य घ्या, लग्न ठरले असो वा मोडलेले असो. पटले नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. कायद्याला आपल्या दुसऱ्या बाप्तिस्म्याशी काहीही देणेघेणे नाही. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली विवाहासाठी वधूवरांपैकी एकजण ख्रिस्ती असला तरी पुरते. पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याशिवाय लग्न लावण्यास नकार दिला, तर वधूच्या वडिलांनी तो विषय सभासदांच्या सभेत मांडावा. तो त्यांचा हक्क आहे.

आणखी एक सांगायला हवे. प्रत्येक मंडळी स्वतंत्र असल्यामुळे मी लिहिलेले सर्व ठिकाणी जसेच्या तसे लागू होईल असे नाही. काही बॅप्टिस्ट मंडळ्या, विशेषतः इंग्लंडमधील, शिशुबाप्तिस्मा झालेल्यालाही त्याच्या साक्षीवरून सभासद करून घेतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन इत्यादींबरोबर काही बॅप्टिस्टही सामील झाले आणि तेथे शिशुबाप्तिस्मा व विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य आहेत. म्हणजे या दोन मतांची माणसे एका मंडळीत राहू शकतात. एका घरातही राहू शकतात. अण्णांच्या पायांना तेल चोळताना त्यांच्याशी वाद घालणारी मी ते जाणते.

आईवडील विचारतील की, आम्ही केले ते खोटे का. त्यांना सांगा की, तुम्ही मला वचन ऐकवले, प्रार्थना शिकवली, रविवारी हात धरून उपासनेला नेले, आणि त्यातले काहीही मी नाकारीत नाही. अण्णांनी माझ्या मुलीला 23 वे स्तोत्र शिकवले ते आमच्याच घरी, ती बोलायला लागली तेव्हा, आणि त्यांच्या झग्यापेक्षा ते मला कितीतरी अधिक मोलाचे वाटते. हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. त्यांना ते अजून पटलेले नाही.

लग्नाआधी एक मात्र दोघांनी बसून ठरवा, शक्य तर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर: पुढे मूल झाले तर त्याचे समर्पण करायचे की शिशुबाप्तिस्मा. मूल जन्मल्यावर हा प्रश्न काढला, तर उत्तर आजीआजोबा देतात आणि बाळंतिणीला अंगणात बसून एकटीने भांडावे लागते.