अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटची पोर्ट्रेट्स जवळून अर्धवट वाटतात. त्यांतले ब्रशचे मोकळे फटकारे कसे बघायचे?

‘लेडी अ‍ॅग्न्यू ऑफ लॉक्नॉ’ (१८९२) हेच चित्र घेऊ. मूळ एडिनबरामध्ये आहे, उंची साधारण सव्वा मीटर.

तीन-चार मीटरवरून कमरेचा जांभळट पट्टा रेशमाचाच वाटतो. हातभर अंतरावर गेलात की रेशीम गायब! उरतात त्या रंगाने भरलेल्या ब्रशने एकेका दमात ओढलेल्या थोड्याशा पट्ट्या. डोळे किलकिले करा, पट्टा परत जुळून येतो. याचं कारण टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा. प्रत्येक फटकारा शेजारच्यापेक्षा जेवढा उजळ किंवा गडद हवा, तेवढाच आहे. टोन चुकला असता तर कितीही घोटून काम केलं तरी ते कापड वाटलं नसतं.

मग कडा शोधा. कुठे धारदार, कुठे विरलेल्या? ओल्या रंगात ओला रंग ओढला की कड आपोआप मऊ होते. चेहऱ्याशी मात्र काम संयमाने केलंय, तिथे फटकारे जवळजवळ दिसत नाहीत. नजर चेहऱ्यावर थांबावी म्हणून कपडे सैल सोडलेत. सगळीकडे सारखीच सैल रंगवलेली पोर्ट्रेट्स मला म्हणूनच कंटाळवाणी वाटतात.

हे घाईत होतं असं समजू नका. सार्जंटचे गुरू कारोल्यूस-द्युराँ आधी मधले टोन मांडायला लावत, गडद आणि उजळ नंतर. सार्जंटने १८७९ मध्ये माद्रिदला स्पॅनिश चित्रकार वेलास्केझच्या आणि पुढच्या वर्षी हार्लेमला डच चित्रकार हाल्सच्या चित्रांच्या नकला केल्या. चित्रातलं डोकं जमलं नाही तर तो रंग खरवडून पुन्हा सुरुवात करायचा. दुरुस्त्या वरून चढवल्या असत्या तर ओले रंग एकमेकांत कालवून चिखल झाला असता. ताजेपणा टिकतो तो या खरवडण्यामुळे.

नुसता आव आणलेला फटकारा ओळखायला सोपा असतो. रंग जाड, पण त्याची दिशा गालाच्या उताराशी जुळत नाही. किंवा सावलीत मध्येच एखादा उजळ ठिपका, नुसता ‘धीट’ दिसावा म्हणून.

आणि हो, मोबाइलवर ठरवू नका. एवढ्याशा पडद्यावर प्रत्येक चित्र लांबूनच बघितल्यासारखं गुळगुळीत दिसतं. मोठी प्रतिमा उघडा आणि बाहीचा तुकडा पडदाभर करून बघा.