पॅनल सॉचं स्पीड: आधी ब्लेडवरचा आकडा वाचा

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठूनही फोन आला की प्रश्न एकच: "पॅनल सॉवर (प्लाय-फळ्या कापायच्या टेबलाच्या करवतीवर) स्पीड किती ठेवू?" ब्लेड किती मिलिमीटरचं, कापायचंय काय, हे कोणी सांगत नाही. लाकूड कापतो तो दात, आणि दाताचा वेग फेऱ्यांसोबत व्यासावरही ठरतो. व्यास मीटरमध्ये घ्या, ३.१४ ने आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ६० ने भागा. ३०० मिमीचं ब्लेड ४००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ६३ मीटर धावतं.

मशीनवर ३०००, ४०००, ५०००, ६००० असे चार स्पीड आहेत. ३०० मिमी ब्लेडने सनमायका लावलेला प्लाय कापायचा आहे. (शिरपूर)

४००० वर ठेवा. खालची कड तुटत असेल तर स्कोरिंग ब्लेडची (मुख्य ब्लेडआधी खालून हलकी चीर पाडणाऱ्या छोट्या ब्लेडची) उंची आणि रेष मेकॅनिककडून जुळवून घ्या.

सागाची फळी उभी चिरताना कड काळी पडते. दुकानदार म्हणतो, स्पीड उतरवा. (नंदुरबार)

दुकानदाराने ब्लेड पाहिलं का? तुम्ही पाठवलेल्या फोटोत ९६ दात आहेत. ४००० फेऱ्यांवर मिनिटाला १० मीटर माल लोटलात, तर एका दाताच्या वाट्याला जेमतेम ०.०२६ मिमी लाकूड येतं. म्हणजे दात कापत नाही, घासतो. घासलं की तापतं. उभ्या चिरेला २४ दातांचं ब्लेड लावा, वाटा ०.१ मिमीवर जाईल. स्पीड उतरवून थोडा फरक पडेल, पण रोग तो नाही. शिवाय सागातलं तेल दातांवर बसतं आणि त्यातली सिलिका धार लवकर मारते. ब्लेड धुऊन धारवाल्याला दाखवा. तरीही डाग राहिला तर फेन्स (माल टेकवून सरकवायची पट्टी) ब्लेडला समांतर आहे का, ते तपासून घ्या.

३५० मिमीच्या मशीनवर ४०० मिमीचं ब्लेड बसतंय. मशीन ५००० वर चालतं. "बुश (ब्लेडच्या भोकात बसवायची कडी) टाकला की चालतं" असं विकणाऱ्याने सांगितलं. (चाळीसगाव)

विकणारा ब्लेड विकून मोकळा झाला, भाऊ. मशीनसमोर उभे तुम्ही राहणार.

हिशोब करा. ४०० मिमी, ५००० फेरे: सेकंदाला जवळजवळ १०५ मीटर. ३५० मिमीला तेच ९२ होते. चांगल्या ब्लेडवर कमाल फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. व्यास वाढतो तशी ही मर्यादा साधारणपणे खाली येते. आकडा नसेल, खोडलेला असेल, तर ते ब्लेड फुकट मिळालं तरी घेऊ नका. फेरे दीडपट झाले की दाताला बाहेर ओढणारा जोर सव्वादोन पट होतो. ब्रेझिंग (दात ब्लेडला चिकटवणारा झाळ) सुटलेला कार्बाइडचा दात कुठे जाईल, ते तुम्ही ठरवत नाही. ब्लेडमागचा रिव्हिंग नाइफ (चीर मिटू न देणारं पातं) आणि वरचा गार्ड ३५० साठी आहेत; ४०० लावल्यावर मिस्त्री पहिल्यांदा गार्डच काढतो. बुशचं म्हणाल तर तो किंचित सैल असला तरी ब्लेड डोलतं.

हेच पुली बदलणाऱ्यांना. मोटर २८८० फेऱ्यांची, तिच्यावर ४ इंची पुली आणि शाफ्टवर ३ इंची, म्हणजे ब्लेडला ३८४०. शाफ्टवर २ इंची टाकली की झाले ५७६०! लग्नसराईच्या ऑर्डरी असतात हे मान्य, पण इतकी घाई कसाले? मशीन बनवणाऱ्याकडून लेखी घ्या, मगच पाना हातात धरा. आणि मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून गार्डशिवाय चालवणाऱ्यांनी मला स्पीड विचारूच नये.

ऍक्रिलिक कापताना वितळून दातांना चिकटतं. (जामनेर)

३००० वर उतरा, प्लास्टिकसाठीचंच ब्लेड घ्या, मधेच थांबू नका. पीव्हीसी असेल तर त्याचा जळका धूर छातीत घेऊ नका, धूळ ओढणारा पंखा लावा. शीटच्या जातीप्रमाणे वेग बदलतो. कंपनीचं माहितीपत्रक मागा, अगोदर तुकड्यावर करून पाहा.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावलाय. ६५ हर्ट्झवर नेला तरी मोटर चालते. चालेल का? (धुळे)

नाही. ४००० चे ५२०० होतात आणि मोटरचा जोर घटतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून वरची मर्यादा ५० वर लॉक करून घ्या.

बंद केल्यावर ब्लेड लवकर थांबावं म्हणून बाजूने लाकडाचा तुकडा टेकवतो. (भुसावळ)

आजपासून बंद. ब्लेड वाकतं, आणि बोटं त्याच तुकड्याला धरलेली असतात. ब्रेकची सोय होते का, ते मेकॅनिकला विचारा.