गिटार आणि गाण्यासाठी घरच्या स्टुडिओत कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? एबलटन, एफएल स्टुडिओ, क्यूबेस की रीपर?

तुम्ही गिटार वाजवता, स्वतःची गाणी स्वतःच गाता, विंडोजचा लॅपटॉप आणि दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार संगणकाला जोडणारी पेटी) तुमच्याकडे आहे, आणि या चारांपैकी कशात आवाज सगळ्यात चांगला येतो असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतेय. उत्तर आधीच देऊन टाकते: तुमच्यासाठी रीपर. पण ते आवाजाच्या दर्जामुळे नव्हे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आवाजाचा मुद्दा आधी मिटवू. मलाही पूर्वी ठाम वाटायचं की अमुक सॉफ्टवेअरचा आवाज भरदार आणि तमुकचा पातळ. माझ्याकडे तेव्हा दोन सॉफ्टवेअर होती. एकाच गाण्याचे आठ ट्रॅक दोन्हींत टाकले, एकही प्लगइन (इफेक्ट किंवा वाद्य देणारा जोड-प्रोग्राम) लावला नाही, सगळे फेडर (पातळी कमीजास्त करायच्या दांड्या) शून्यावर ठेवले आणि दोन्हींतून फाइल एक्सपोर्ट केली. एक फाइल खरोखरच जास्त भरदार वाटली. पुढे कितीतरी दिवस मी ते सगळ्यांना सांगत होते. मग एका संध्याकाळी दोन्ही फाइल एकाखाली एक ठेवल्या आणि एकीची पोलॅरिटी उलटी केली. असं केलं की एकीच्या लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर बसतो, आणि फाइल तंतोतंत सारख्या असतील तर काहीच ऐकू येत नाही.

प्ले दाबलं. अगदी डाव्या आणि अगदी उजव्या टोकाला ठेवलेल्या दोन्ही गिटार पूर्ण गायब झाल्या. मध्ये ठेवलेला गळा आणि बेस मात्र बारीक आवाजात ऐकू येत राहिले. फरक फक्त मधल्या ट्रॅकमध्येच का उरला? कारण पॅन लॉ, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे कुठे ठेवलाय त्यानुसार त्याची पातळी ठरवणारा नियम. मध्ये ठेवलेला आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो आणि त्यामुळे मोठा वाटतो, म्हणून काही सॉफ्टवेअर तो आपणहून ३ डेसिबलने कमी करतात, काही करत नाहीत. ही सेटिंग दोन्हीकडे सारखी केली, पुन्हा एक्सपोर्ट केलं, पुन्हा उलटं करून लावलं, तेव्हा कानाला ऐकू येईल असं काही म्हणजे काही उरलं नाही. जो आवाज मला ‘भरदार’ वाटत होता तो नुसता ३ डेसिबल मोठा होता. ही चाचणी तुम्हीही करू शकता, अर्ध्या तासाचं काम आहे.

खरा फरक येतो तो सोबत मिळणाऱ्या वाद्यांमध्ये, इफेक्ट्समध्ये, आणि रेकॉर्ड झालेला आवाज ताणायचा किंवा त्याचा सूर हलवायचा असेल तेव्हा. बाकी ट्रॅक एकत्र करायची बेरीज सगळीकडे तीच आहे.

मग निवडायचं कशावरून? गाणं तुमच्या हातून सुरू कसं होतं, त्यावरून. प्रत्येक सॉफ्टवेअर ज्या कामासाठी जन्माला आलं त्याची खूण त्याच्या अंगावर राहिलेली असते. क्यूबेस १९८९ मध्ये अटारी एसटी संगणकावर मिडी सीक्वेन्सर (आवाजाऐवजी कुठला सूर कधी वाजवायचा त्या सूचना साठवणारं सॉफ्टवेअर) म्हणून आलं, त्यामुळे कीबोर्डवरून सूर भरत एकेक वाद्य रचणाऱ्याला ते आजही जवळचं वाटतं. एफएल स्टुडिओ १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स नावाने आलं आणि तेव्हा ते मुळात ठेका रचायचं यंत्र होतं. चौकोनात टिकटिक करत किक, स्नेअर असे ड्रमचे ठोके मांडायचे, तेवढा तुकडा तयार झाला की तुकडे जोडून गाणं करायचं. ज्याचं गाणं बीटपासून सुरू होतं त्याच्या हाताला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. एबलटन लाइव्ह २००१ चं. नावातच आहे तसं ते मंचावर वाजवण्यासाठी घडलेलं. लूप्सची जाळी समोर असते, कुठलाही तुकडा कधीही सोडा, तो लयीत येऊन बसतो. या दोन्हींत गिटार किंवा गळा रेकॉर्ड होत नाही असं अजिबात नाही. होतो, आणि चांगला होतो. पण उघडल्याबरोबर समोर जे दिसतं ते तुम्हाला तुकड्यांत विचार करायला लावतं.

तुमचं गाणं तसं सुरू होत नाही. तुम्ही गिटार हातात घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गाता. तुम्हाला डावीकडून उजवीकडे जाणारी सरळ पट्टी हवी, त्यावर एकामागून एक टेक (त्याच भागाची पुन्हा पुन्हा केलेली रेकॉर्डिंग) घेता यायला हवेत आणि त्यातले चांगले भाग निवडून जोडता यायला हवेत. यालाच कॉम्पिंग म्हणतात, आणि गायकाच्या कामाचा निम्मा वेळ त्यातच जातो.

हे काम जवळून कसं असतं ते सांगते. अंतऱ्याचे चार टेक घेतले. दुसऱ्या टेकमध्ये भाव छान आहे, पण तिसऱ्या ओळीत श्वास लवकर संपलाय. चौथ्यात तीच ओळ शेवटपर्यंत टिकली आहे. म्हणजे दोन ओळी दुसऱ्यातल्या आणि तिसरी चौथ्यातली घ्यायची. जोड कुठे द्यायचा? नवशिके शब्दांच्या मधल्या जागेत देतात, पण गाताना तिथे बहुतेक वेळा स्वर लांबलेला असतो आणि जोड उघडा पडतो. त्याऐवजी ‘प’, ‘त’, ‘क’ अशा अक्षराच्या आधी द्या. ही अक्षरं उच्चारण्यापूर्वी ओठ किंवा जीभ क्षणभर बंद होते, आवाज थांबतो, आणि तेवढ्या फटीत केलेला कट कोणालाही सापडत नाही. ‘स’ आणि ‘श’ यांच्या फुसफुशीतही जोड लपतो. लांब ‘आ’मध्ये मात्र चुकूनही नको. रीपरच्या ७ व्या आवृत्तीपासून टेक एकाखाली एक वेगळ्या ओळींत ठेवता येतात, हवा तो भाग माउसने ओढून निवडला की तो वरच्या अंतिम ट्रॅकमध्ये जातो. क्यूबेसमध्येही हे फार चांगलं आहे. म्हणून तुमच्यासाठी खरी निवड या दोघांतच होती.

त्यातून मी रीपर म्हणते कारण लॅपटॉप जुना असला तरी त्याच्यावर भार कमी पडतो, आणि ६० दिवस ते कुठलीही सोय न कापता पूर्ण वापरता येतं. ते लिहायला सुरुवात केली ती विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्रोग्राम बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकल यांनी, आणि आजही ते आटोपशीर आहे. त्याच्या उणिवाही सांगते, नाहीतर आठवडाभरात वैतागाल. दिसायला रुक्ष आहे. मेन्यू इतके मोठे की हवी ती गोष्ट सापडत नाही (प्रश्नचिन्हाची कळ दाबली की सगळ्या आज्ञांची यादी उघडते, तिथे शोधायची सवय लावा). आणि सोबत वाद्यं जवळपास नाहीतच. ड्रम, पियानो, तंतुवाद्यं हवी असतील तर ती वेगळी आणावी लागतील. इफेक्ट्स मात्र दिसायला साधे असले तरी कामाला चोख आहेत.

बाकीच्यांची चाचणी घ्यायची तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एफएल स्टुडिओच्या विनामूल्य चाचणीला मुदत नसते, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. म्हणून जे काही कराल ते त्याच बैठकीत फाइल करून बाहेर काढा. एकदा घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट मिळतात ही त्याची मोठी जमेची बाजू. तुमच्या इंटरफेसच्या खोक्यात एखादा कोड असलेलं कार्ड आहे का तेही बघा. बऱ्याच इंटरफेसबरोबर एबलटनची लाइव्ह लाइट किंवा तत्सम छोटी आवृत्ती मिळते. लॉजिक प्रो फक्त मॅक आणि आयपॅडवर चालतं, त्यामुळे तुमच्यासाठी तो विषयच नाही. ऑडॅसिटी भाषण किंवा मुलाखत कापायला उत्तम आहे, पण त्यात मिडी वाद्यं रचता येत नाहीत. एलएमएमएस मिळतं फुकट, पण त्यात माइकवरून थेट रेकॉर्डिंग होत नाही, म्हणजे गाणाऱ्याला ते कामाचं नाही.

आता जिथे बहुतेकांचं घोडं अडतं तो भाग. हेडफोन लावून गाताना स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येतो आणि गाणं लयीतून घसरतं. माझ्याबाबतीत हे झालं तेव्हा मी सॉफ्टवेअरलाच दोष दिला आणि ते बदललं. नव्यातही तेच. चूक कुठे होती? मी सेटिंगमध्ये विंडोजचा साधा ड्रायव्हर निवडला होता, इंटरफेससोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) टाकलाच नव्हता. तो टाकला आणि दहा मिनिटांत प्रश्न सुटला. सॉफ्टवेअर शिकण्यात गेलेले दोन महिने मात्र गेले, त्याची मला अजूनही हळहळ वाटते. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

मागचं गणित सोपं आहे. संगणक आवाजाचे नमुने एकेक करून हाताळत नाही, थोडे साठवून एकदम हाताळतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८,००० सॅम्पल रेटवर (म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने) १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ चा ५.३, आणि १०२४ चा २१ मिलिसेकंद. हे येताना एकदा आणि जाताना एकदा लागतं, शिवाय इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दोन्ही वेळा मिळून ६ मिलिसेकंदांचा उशीर हा ॲम्प्लिफायरपासून दोन मीटरवर उभं राहून वाजवण्यासारखा आहे, तो जाणवत नाही. ४० मिलिसेकंद मात्र गाणाऱ्याला हमखास जाणवतात. म्हणून रेकॉर्ड करताना बफर १२८ वर, आणि मिक्स करताना १०२४ वर, कारण तेव्हा उशीर चालतो आणि प्लगइनना मोकळा वेळ मिळतो. १२८ वर आवाज फुटायला लागला तर इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं ते दाबा. त्याने तुमचा आवाज संगणकात न शिरता सरळ हेडफोनमध्ये येतो. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.

प्लगइन घेताना ते कुठल्या स्वरूपात आहेत ते बघा. व्हीएसटी हे स्टाइनबर्गने १९९६ मध्ये क्यूबेसबरोबर आणलं, आणि विंडोजवर ते जवळपास सगळीकडे चालतं. प्रो टूल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरला मात्र एएएक्स हे वेगळं स्वरूप लागतं. उद्या सॉफ्टवेअर बदललंत तरी व्हीएसटी तुमच्यासोबत येतील.

प्रोजेक्ट मात्र येणार नाहीत. एका सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल दुसऱ्यात सहसा उघडत नाही, आणि त्याच सॉफ्टवेअरमध्येही उघडेलच याची खात्री नसते. माझं एक जुनं गाणं नव्या संगणकावर उघडलं तेव्हा त्यातला एक प्लगइन मिळेनासा झाला होता, आणि गळ्यावरचा जो प्रतिध्वनी मी तीन दिवस जुळवला होता तो कायमचा गेला. तेव्हापासून गाणं पूर्ण झालं की मी प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारी वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून काढते, एकदा इफेक्ट्ससकट आणि एकदा कोरा. सोबत टेम्पो आणि पट्टी लिहिलेली एक टेक्स्ट फाइल. ४८,००० सॅम्पल रेट आणि प्रत्येक नमुन्याला २४ बिट धरले तर एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा घेतो, म्हणजे चार मिनिटांच्या बारा ट्रॅकच्या गाण्याचा एक संच ४१५ एमबीच्या आसपास. एवढी जागा कुठल्याही डिस्कवर असते.

आता काय करायचं ते सांगते. रीपर उतरवा, आधी एएसआयओ ड्रायव्हर निवडा, आणि तुमचं एकच गाणं घ्या, जे तुम्हाला पाठ आहे. क्लिक (लय सांगणारी टिकटिक) लावून गिटार दोनदा रेकॉर्ड करा, एक टेक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला. गळ्याचे चार टेक घ्या. पातळी ठेवताना मीटरवरचे सगळ्यात मोठे आवाजही उणे १० डेसिबलच्या आसपासच राहू द्या. २४ बिटमध्ये त्याने काहीही बिघडत नाही आणि जोरात गायलात तरी आवाज फाटत नाही. मग कॉम्पिंग करा. त्यात पहिल्या दिवशी नव्हे तर चौथ्या-पाचव्या दिवशी हात कुठे अडतो ते बघा. तोवरही टेक निवडताना गाणं ऐकण्यापेक्षा मेन्यूच शोधत बसावं लागत असेल, तर क्यूबेसची चाचणी आवृत्ती घ्या आणि त्याच गाण्याचे तेच टेक तिथे उघडा.