‘पडल्या असतील’

प्रश्न : आई (वय 82) दीड वर्षापासून वृद्धाश्रमात आहे. स्मृतिभ्रंशामुळे तिला नीट सांगता येत नाही. गेल्या दोन भेटींत तिच्या हातावर काळेनिळे डाग दिसले. विचारलं तर ‘पडल्या असतील’ म्हणाले. विश्वास ठेवावा का?

उत्तर : डाग नेमका कुठे आहे ते आधी बघा. या वयात कातडी पातळ होते. त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानंही मनगट ते कोपर जांभळे चट्टे उठतात. पडलेल्या माणसाला सहसा कोपर, गुडघा, नडगी लागते. दंडाची आतली बाजू, मान, कानामागची जागा क्वचितच. दंडावर एकीकडे तीन-चार ठिपके आणि पलीकडे एकच मोठा, ही खूण बहुधा हाताच्या पकडीची. मनगटाभोवती पट्ट्यासारखा वळ असेल तर बांधून ठेवल्याची शंका घ्यावी. रंगावरून डाग किती दिवसांचा हे मात्र डॉक्टरही खात्रीनं सांगू शकत नाहीत.

मारहाण निदान दिसते तरी. हेळसांड पांघरुणाखाली राहते. पायमोजे काढून टाचा बघा, माकडहाड बघा. लाल जागेवर बोट दाबून उचला. लाली फिकी पडली नाही, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे जागा गरम किंवा कडक लागते का ते चाचपा. असे व्रण चांगल्या देखभालीतही होतात, म्हणून कूस बदलल्याची नोंदवही मागा. वजनाचीही. 50 किलोच्या बाईचं महिन्यात अडीच किलो घटलं तर कारण विचारायलाच हवं. दिवसभर गुंगीत असतील तर औषधांचा तक्ता बघा, झोपेची गोळी नव्यानं आली आहे का.

आईंशी एकट्यानं बोला. ‘कुणी मारलं का?’ नको, ‘हे कसं लागलं?’ असं विचारा. स्मृतिभ्रंश आहे म्हणून त्यांचं बोलणं उडवून लावू नका.

डागाचे दोन फोटो काढा : एक पूर्ण हाताचा, एक शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून. तारीख लिहा. मग पडल्याची लेखी नोंद मागा, तिच्यातली वेळ आणि जागा डागाशी जुळवा. नोंदच नसेल तर व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार करून पोच घ्या आणि बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासणी करवा. खोलीतल्या सेविकेशी तिथल्या तिथे भांडू नका. रात्री आई तिच्याच हवाली असतात. जिवाला धोका वाटला तर मात्र थांबू नका, थेट पोलिसांकडे जा.