औद्योगिकीकरणाने कामगारांचा फायदा जास्त झाला की तोटा?

तुम्ही विचारलंय, औद्योगिकीकरणाने कामगारांचं आणि समाजाचं भलं जास्त झालं की नुकसान. परीक्षेसाठी हवं असेल तर दोन रकाने पाडून कुठेही मिळेल. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते, मी तिथूनच सांगू शकतो.

साचाखातं म्हणजे मागांचा विभाग. शेकडो माग एकदम खडखडत असताना शेजारच्याशी बोलायचं ते खुणांनी आणि ओठांवरून. आजोबा खोलीतही ओरडूनच बोलायचे. आम्हाला वाटायचं रागीट आहेत. ऐकू कमी येतं हे फार उशिरा कळलं. कापसाच्या धुळीचा खोकला वेगळाच.

पण संगमेश्वराकडच्या आमच्या शेतात चार भावांना पुरेल एवढा भात कधीच पिकला नाही. गिरणीची मनीऑर्डर आली म्हणून सावकार सुटला, घरावर कौलं चढली, वडील शाळेत गेले. हे नाकारणं कृतघ्नपणा होईल.

मात्र 'यंत्रांनी कामगाराला सुख दिलं' म्हणतात तिथे मी अडतो. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली १८५४ मध्ये. आठवड्याची सुट्टी मिळाली १८९० मध्ये, तीही कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा भरवून, अर्ज करून मालकांची पाठ न सोडल्यामुळे. मधली ३६ वर्षं यंत्रं चालूच होती की! विजेच्या दिव्यांचंही तेच. आधी काम उजेड असेपर्यंत चाले. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत दिवे आले आणि कामाचा दिवस १४-१५ तासांवर गेला. पुरुषांना १२ तासांची मर्यादा मिळायला १९११ चा कायदा यावा लागला.

गावातली जात शहरात गळून पडली, हेही अर्धंच खरं. मागावर आडवं सूत नेतो तो धोटा; त्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. आपल्या तोंडचा धोटा अस्पृश्याने तोंडाला लावला तर विटाळ, म्हणून जास्त पगाराच्या साचाखात्यात त्यांना शिरकावच नव्हता. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. एकमेकांची थुंकी बाकीच्यांना चालत होती, ही गंमत बघा. आजोबांना हे विचारलं तर ते विषय बदलत.

आणि आजी? ती गावीच राहिली. नांगरणीला माणूस शोधणं, लावणी, आजारी सासू, सगळं तिच्या अंगावर. आजोबा शिमग्याला आणि गणपतीला यायचे, तेही रजा मिळाली तर. गिरणीचा पगार आजोबांच्या नावावर लागे. त्यामागचं आजीचं काम कुठल्याच मस्टरवर नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आजोबाही. त्यांना परत बोलावणं आलं नाही, शेवटी ते गावी आले. त्या वर्षी आजीने लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला सबंध पावसाळाभर घरात पाहिलं. ते पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला उठून पडवीत बसत. आजी लावणीला निघताना मागचं दार लावून घ्या म्हणून हाक मारी, आणि ती त्यांना ऐकू जात नसे.